अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, पुढे काय?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषय निघाला की ‘वेळेवर तपासणी करा’ असा सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे. तथापि तपासणी झाली, अहवाल हाती आला आणि त्यात ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘ॲबनॉर्मल’ हा शब्द आढळला, तर त्या स्त्रीने नेमके काय समजावे आणि पुढे काय करावे, याची माहिती फारच थोड्या घरांत असते. काही घरांत तो शब्द वाचूनच रडारड सुरू होते, तर काही ठिकाणी ‘त्रास तर काही होत नाही’ असे म्हणून कागद कपाटात ठेवला जातो. वस्तुतः या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात तर दुसरी चूक अधिक सहज घडते. कारण येथे पहिली तपासणी आणि पुढचा उपचार यांच्यामध्ये अंतर, खर्च आणि बुडणारी मजुरी असे तीन अडथळे उभे आहेत.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना या कर्करोगाचे निदान झाले आणि जवळपास ८० हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. दुसरीकडे, २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतल्याचे दिसले. तपासणी वाढविण्याची गरज त्यातून स्पष्ट होते. परंतु तपासणी वाढेल तसा अहवालात दोष आढळणाऱ्या स्त्रियांचा आकडाही वाढणार आहे. त्यांना समजावून सांगण्याची आणि पुढच्या उपचारापर्यंत नेण्याची व्यवस्था नसेल, तर शिबिरांच्या आकडेवारीपलीकडे हाती फारसे काही लागणार नाही.

कारखाने, अणुभट्टी आणि विषाणू

तारापूर औद्योगिक वसाहतीचा परिसर प्रदूषणासाठी कुप्रसिद्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातील औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वाधिक नोंदविला गेला होता. शेजारीच १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे तारापूर अणुविद्युत केंद्र आहे. साहजिकच या भागात कोणालाही कर्करोग झाल्याचे कळले की पहिला संशय रासायनिक सांडपाण्यावर किंवा किरणोत्सारावर घेतला जातो. प्रदूषणाविरुद्धची नागरिकांची तक्रार खरी आहे आणि तिचा पाठपुरावा झालाच पाहिजे. मात्र गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ कारण निराळे आहे आणि ते निश्चितपणे ठाऊक झालेले आहे.

हा कर्करोग जवळजवळ प्रत्येक वेळी ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझन यांनी १९८० च्या दशकात हा संबंध दाखवून दिला आणि त्याबद्दल त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी साधारण चौदा प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने धोक्याचे मानले जातात, आणि त्यातही १६ व १८ या क्रमांकांचे प्रकार मिळून सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत ठरतात.

कारण ठाऊक असणे ही येथे मोठी जमेची बाजू आहे. हवेतील किंवा पाण्यातील प्रदूषण एकटी स्त्री थांबवू शकत नाही. एचपीव्हीमुळे होणारा बदल मात्र कर्करोग होण्याच्या अनेक वर्षे आधी शोधता येतो आणि तेथेच थांबविता येतो. ‘हे कारखान्यांमुळेच होते, आपल्या हाती काय आहे’ अशी समजूत करून घेतली, तर ही संधी हातची जाते.

संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे

एचपीव्हीचा संसर्ग अतिशय सामान्य आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतांश स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो आणि झाल्याचे कळतही नाही. शरीराची प्रतिकारशक्ती दहापैकी सुमारे नऊ संसर्ग साधारण दोन वर्षांत आपोआप आटोक्यात आणते. ज्या थोड्या स्त्रियांमध्ये धोक्याच्या प्रकारचा विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल होऊ लागतात. या बदलांना कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास सर्वसाधारणपणे १५ ते २० वर्षांचा असतो. एचआयव्ही बाधित स्त्रियांमध्ये किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांमध्ये तो बराच लवकर, पाच ते दहा वर्षांत पूर्ण होऊ शकतो. धूम्रपानानेही धोका वाढतो.

या १५-२० वर्षांच्या काळात स्त्रीला बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणूनच ‘त्रास नाही, तर तपासणी कशाला’ हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही. उलट संबंधानंतर रक्तस्राव, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव अशी लक्षणे दिसत असतील, तर शिबिराची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. जुना अहवाल चांगला असला तरी अशा लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

अहवालातील शब्दांचा अर्थ

सध्या तीन प्रकारच्या तपासण्या प्रचलित आहेत. पहिली ‘व्हीआयए’. तीत गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभराने पाहणी केली जाते. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी हीच तपासणी सुचविली आहे. येथे ‘पॉझिटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, की पांढरा डाग दिसला. साध्या दाहामुळेही असे डाग उमटू शकतात.

दुसरी तपासणी पॅप स्मीअरची. तीत पेशींचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो आणि अहवालात इंग्रजी आद्याक्षरांची रांग येते. ‘एएससी-यूएस’ म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसल्या, पण निश्चित सांगता येत नाही. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल. तो बहुतेकदा ताज्या संसर्गाचा परिणाम असतो आणि पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. ‘एचएसआयएल’ म्हणजे तीव्र बदल. येथे पुढील तपासणी टाळता येत नाही. ‘एएससी-एच’ आणि ‘एजीसी’ हे शेरेही त्याच गंभीरतेने घ्यावेत. ‘इन्फ्लमेशन’ म्हणजे दाह. तो कर्करोगपूर्व बदल नव्हे. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुना अपुरा होता, तपासणी पुन्हा करावी लागेल, एवढेच.

तिसरी तपासणी थेट एचपीव्हीच्या डीएनएची. तीत विषाणू आहे की नाही हे कळते. पेशी बदलल्या आहेत की नाहीत, हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हीच तपासणी प्राधान्याने सुचविली. तीस वर्षांपासून सुरुवात करून दर पाच ते दहा वर्षांनी ती करावी, एचआयव्ही बाधित स्त्रियांनी पंचविशीपासून आणि अधिक वेळा करावी, असे या सूचना सांगतात. या तपासणीसाठीचा नमुना स्त्रीला स्वतःलाही घेता येतो, ही तिची आणखी एक सोय.

तिन्ही तपासण्यांत एक गोष्ट समान आहे. यांपैकी कोणतीही तपासणी कर्करोगाचे निदान करीत नाही. कोणत्या स्त्रीला अधिक बारकाईने तपासायला हवे, इतकेच ती सांगते. निदान होते ते कॉल्पोस्कोपी आणि बायॉप्सीने. कॉल्पोस्कोपीत भिंग असलेल्या दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहिले जाते. संशयास्पद भाग दिसल्यास तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासणीला पाठविला जातो. या दोन्हींसाठी बहुधा रुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही.

बार्शीच्या प्रयोगाने दिलेले उत्तर

‘पॉझिटिव्ह’ अहवालाला किती घाबरावे, याचे आकड्यांतील उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांमध्ये १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचे चार गट करण्यात आले. तीन गटांत वरील तीन तपासण्यांपैकी प्रत्येकी एक तपासणी एकदाच झाली, तर चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

एचपीव्ही तपासणी झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणी पॉझिटिव्ह आढळल्या. पुढील तपासणीत शंभरामागे सुमारे एकीलाच गंभीर स्वरूपाची कर्करोगपूर्व अवस्था असल्याचे दिसले. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहापैकी साधारण नऊ जणींना तातडीच्या गंभीर उपचारांची गरज नव्हती. पण ती दहावी स्त्री कोणती, हे दहाही जणींची पुढील तपासणी झाल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता.

त्या एकीला शोधल्याने काय साधले, हे २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४ हजारांवर स्त्रिया होत्या. त्यांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ३१ हजारांवर स्त्रियांमागे ६४ मृत्यू झाले. पुढच्या अवस्थेतील कर्करोगाचे रुग्ण पहिल्या गटात ३९, तर दुसऱ्या गटात ८२ होते. आयुष्यातील एका तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. याच अभ्यासात अन्य दोन तपासण्यांनी मृत्यूंमध्ये अशी लक्षणीय घट दाखविली नाही. एचपीव्ही ‘निगेटिव्ह’ आलेल्या स्त्रियांना पुढील काही वर्षे या कर्करोगाचा धोका फारच कमी राहतो, हेही त्यातून पुढे आले.

व्हीआयए तपासणी मात्र त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. मुंबईतील झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत ही साधी तपासणी करण्यात आली. त्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले, असे २०१३-१४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत दिसले. या अभ्यासांतील काही गटांना तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीकाही झाली आणि ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र ज्यांचा दोष आढळला, त्यांची कॉल्पोस्कोपी आणि उपचार ही प्रयोगाचीच जबाबदारी होती. तपासून सोडून दिले नाही, म्हणून मृत्यू घटले. दैनंदिन आरोग्यसेवेत नेमका हाच दुवा कच्चा राहतो.

दुसरी फेरी का चुकते?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकीकडे वसई-विरारचे शहर आहे, तर दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे डोंगरपाडे. मध्ये बोईसरच्या चाळींत परप्रांतांतून आलेली कामगार कुटुंबे, किनाऱ्यावर मच्छिमार वस्त्या. एप्रिल २०१३ पासून चर्चगेट ते डहाणू रोड लोकल धावू लागली. कर्करोगाचा संशय आला की बोईसर-पालघरच्या कुटुंबाला आठवते ते परळचे टाटा रुग्णालय. तेथवर जाणे म्हणजे पहाटेची गाडी, दादरची गर्दी आणि दिवसभराचा खाडा. कंत्राटी कामगाराच्या घरात एका खाड्यामागे दोन मजुऱ्या बुडतात, कारण स्त्री सहसा एकटी जात नाही.

डोंगरी तालुक्यांत अडचण आणखी वेगळी आहे. भातकापणी उरकली की दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, कल्याणकडे जातात. पावसाळ्यात ज्या पाड्यावर तपासणी झाली, तेथे हिवाळ्यात आशा कार्यकर्ती फेरतपासणीचा निरोप घेऊन गेली, तर घराला कुलूप असते. ‘सहा महिन्यांनी या’ हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक असला, तरी या कुटुंबांच्या दिनदर्शिकेत तो बसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या कर्करोगाच्या उच्चाटनासाठी २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे ठेवली. ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि दोष आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार. पहिल्या दोन आकड्यांची चर्चा होते. पालघरसारख्या जिल्ह्याची खरी परीक्षा तिसऱ्या आकड्यात आहे.

पिशवी काढण्याची घाई नको

कागद कपाटात ठेवणे ही जशी एक चूक, तशी दुसरी टोकाची चूक म्हणजे ‘पिशवीच काढून टाका’ ही. कर्करोगाच्या भीतीपोटी होणाऱ्या शस्त्रक्रियांचे भीषण रूप महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत तरुण वयाच्या स्त्रियाही होत्या आणि कर्करोगाची भीती घातली गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या.

वस्तुतः कर्करोगपूर्व अवस्थेसाठी गर्भाशय काढावे लागणे हा अपवाद आहे. बदललेला भाग अतिशीत उपकरणाने गोठविणे, उष्णतेने नष्ट करणे किंवा तारेच्या विद्युत फाशाने तेवढाच भाग कापून काढणे हे प्रचलित उपचार आहेत. पहिल्या दोन उपचारांना काही मिनिटे लागतात, तर तिसराही बहुधा केवळ जागा बधिर करून होतो. गर्भाशय शाबूत राहते आणि मातृत्वाची शक्यताही. कापून काढण्याचा उपचार झाला असल्यास पुढील गरोदरपणात डॉक्टरांना तसे सांगणे तेवढे आवश्यक असते. याउलट बायॉप्सी न करता घाईने गर्भाशय काढले आणि आत कर्करोग आधीच रुजलेला निघाला, तर ती शस्त्रक्रिया अपुरी ठरते व पुढील उपचार अवघड होतात. म्हणून बायॉप्सीच्या अहवालावाचून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे शहाणपणाचे.

वेळीच केलेल्या छोट्या उपचाराचे महत्त्व न्यूझीलंडमधील एका दुर्दैवी प्रकरणाने सिद्ध केले. ऑकलंडच्या एका रुग्णालयात १९६० व ७० च्या दशकांत तीव्र कर्करोगपूर्व अवस्था असलेल्या काही स्त्रियांना पुरेसा उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले गेले. पुढे त्याची न्यायिक चौकशी झाली. तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना कर्करोग झाल्याचे दिसले. योग्य उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

संशयाचे भूत

एचपीव्ही अहवालाचा आणखी एक परिणाम घराच्या चार भिंतींआड होतो. हा विषाणू लैंगिक संबंधांतून पसरतो, हे कळताच नवरा-बायकोत संशय डोकावतो. अनेक स्त्रिया केवळ या भीतीने अहवाल लपवितात. शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. हा संसर्ग शरीरात अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. तो केव्हा झाला आणि कोणाकडून आला, हे सांगणारी कोणतीही तपासणी अस्तित्वात नाही. आयुष्यभर एकाच जोडीदाराशी संबंध असलेल्या व्यक्तीलाही तो होतो. त्यामुळे पॉझिटिव्ह अहवाल हा कोणाच्याही चारित्र्याचा दाखला ठरत नाही. ही दोन वाक्ये डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने पती-पत्नी दोघांसमोर सांगितली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

लसीबद्दलचा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आणि देशी लस उपलब्ध झाली. लस मुलींना संसर्गापूर्वी देण्यासाठी आहे. झालेला संसर्ग ती बरा करीत नाही आणि लस घेतलेल्या मुलीनेही मोठेपणी तपासणी करून घ्यायचीच असते.

काय करता येईल?

अहवालात दोष आढळलेल्या स्त्रीपुरते उत्तर सोपे आहे. घाबरू नये, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवावी. एचपीव्ही पॉझिटिव्ह असल्यास प्रकार १६ किंवा १८ आहे का, हे विचारावे. कॉल्पोस्कोपी कोठे होईल, बायॉप्सीचा अहवाल कधी मिळेल आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, हे तीन प्रश्न विचारूनच दवाखान्याबाहेर पडावे. उपचार झाल्यावरही साधारण वर्षभराने पुन्हा तपासणी करावी लागते. कर्करोगाचे निदान झालेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांचा समावेश आहे.

यंत्रणेपुढील काम यापेक्षा मोठे आहे. डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय यांसारख्या ठिकाणी ठरावीक दिवशी कॉल्पोस्कोपी आणि त्याच भेटीत उपचार, अशी सोय असली पाहिजे. उष्णतेने उपचार करणारे उपकरण हातात मावेल एवढे असते. त्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. स्थलांतर करणाऱ्या तालुक्यांतील तपासणी व उपचार भातकापणीपूर्वीच पूर्ण व्हावेत. बोईसरच्या कामगार वस्त्यांत अहवालाचा अर्थ मराठी आणि हिंदीत लिहून द्यावा. आणि शिबिर यशस्वी झाले की नाही, याचा हिशेब किती स्त्रिया तपासल्या यावर न ठेवता, दोष आढळलेल्यांपैकी किती जणींचा उपचार पूर्ण झाला, यावर ठेवावा.

हा कर्करोग स्त्रीला १५-२० वर्षांची मुदत देतो. एवढी मुदत देणारे आजार फार थोडे. बार्शीच्या परिसरातील खेड्यांत जे पंचवीस वर्षांपूर्वी साधले, ते मुंबईच्या लोकल गाडीच्या टप्प्यात असलेल्या पालघर-बोईसरला अशक्य असण्याचे कारण नाही. त्यासाठी पहिल्या अहवालानंतरच्या दुसऱ्या फेरीची जबाबदारी एकट्या स्त्रीवर न सोडता घराने आणि आरोग्य यंत्रणेने मिळून उचलायला हवी.